सामुदायिक दप्तराची तीन तपे : 'लोटस नोट्स'चा उदय आणि अस्त

एकाच कंपनीच्या निरनिराळ्या गावांतील आणि देशांतील कचेऱ्यांत बसून शेकडो माणसे जे काम मिळून करतात, त्या कामासाठी संगणकाच्या जगात गेल्या चार दशकांत किती साधने जन्मास आली, त्यांतील किती अल्पायुषी ठरली आणि किती मावळली, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. आणि केली तरी ती साधने कोणी विकत घेतली व किती किमतीस विकली गेली एवढ्यावरच थांबते. या प्रश्नाचा समग्र विचार करावयाचा, तर ज्याचे आयुष्य पुरेसे दीर्घ आहे, ज्याने वैभवाची आणि उपेक्षेची अशा दोन्ही अवस्था पूर्णपणे भोगल्या आहेत, आणि ज्याच्या पोटात हजारो संस्थांचे कागदपत्र अद्याप आहेत, असे एखादे साधन समोर ठेवावे लागते. माझ्या मते 'लोटस नोट्स' हे तसे साधन आहे. १९८९ साली ते बाजारात आले, पुढील आठदहा वर्षांत ते मोठ्या कंपन्यांच्या कारभाराचा कणा बनले, आणि त्यानंतर इतक्या संथपणे त्याची घसरण झाली की नेमक्या कोणत्या वर्षी ते संपले असे म्हणावे, हाच एक वादाचा मुद्दा होऊन बसला आहे.

या कल्पनेचे मूळ मात्र बाजारात नाही, विद्यापीठात आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे जे सुप्रसिद्ध प्रात्यक्षिक करून दाखविले, त्यात दूर मेन्लो पार्क येथे बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच दस्तऐवजावर एकाच वेळी काम करण्याचाही प्रयोग होता. परंतु तो प्रयोग पाहणाऱ्यांच्या स्मरणात राहिला, कचेऱ्यांत उतरला नाही. कचेऱ्यांत जे उतरले त्याचा उगम इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये आरंभलेल्या 'प्लेटो' या शैक्षणिक संगणकप्रणालीत सापडतो. तिच्यातील दोष कळविण्यासाठी एक सामायिक फाईल ठेवलेली असे आणि तीत कोणीही काहीही लिहावे, कोणीही काहीही खोडावे, लिहिणारा कोण हे कळण्यास मार्ग नसावा, अशी तिची अवस्था होती. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलावर ही अव्यवस्था दूर करण्याचे काम आले, आणि त्याने जी तजवीज केली ती वरवर पाहता अगदी साधी होती : प्रत्येक टिपणीवर लिहिणाऱ्याची खूण आणि तारीख आपोआप उमटावी, एकाची टिपणी दुसऱ्यास बदलता येऊ नये, आणि तिच्यावरील उत्तरे तिच्याच खाली ओळीने लागावीत. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, अशा टिपण्यांच्या स्वतंत्र वह्या कोणासही उघडता येतील आणि त्या कोणी पाहाव्यात व कोणी त्यांत लिहावे हे उघडणाऱ्याने ठरवावे, ही सोय झाली. ज्याला दप्तर म्हणतात त्याची सारी लक्षणे, म्हणजे कर्त्याची नोंद, काळाची नोंद, अपरिवर्तनीयता आणि प्रवेशाचा अधिकार, येथे बीजरूपाने उपस्थित आहेत. आणि पुढील इतिहास समजून घेताना हे बीज संभाषणाचे नसून दप्तराचे होते हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

त्याच विद्यापीठात सत्तरीच्या दशकात शिकत असलेल्या रे ओझी यांना 'प्लेटो'ने झपाटले. शिक्षण संपवून नोकरीस लागल्यावर त्यांना आढळले की उद्योगजगतातील संगणक हिशेब करतात, पत्रे टंकलिखित करतात, परंतु विद्यापीठात आपण ज्या सामायिक वह्यांत रात्ररात्र लिहीत होतो त्यांसारखे येथे काहीच नाही. मिच केपोर यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेली लोटस ही कंपनी 'वन-टू-थ्री' या हिशेबाच्या कार्यक्रमामुळे तेव्हा अत्यंत तालेवार झाली होती. ओझी यांनी प्रथम या कंपनीसाठी 'सिम्फनी' हा कार्यक्रम सिद्ध केला, आणि मग १९८४ च्या डिसेंबरात केपोर यांच्याच कंपनीच्या पैशावर 'आयरिस असोसिएट्स' नावाची स्वतंत्र संस्था काढून, टिम हॅल्व्हरसन आणि लेन कावेल या 'प्लेटो'च्याच वातावरणातून आलेल्या दोघांना सोबत घेऊन, त्यांनी आपल्या मनातील साधनाची उभारणी आरंभली. ही उभारणी पाच वर्षे चालली. ज्या काळात बहुतेक कचेऱ्यांतील संगणक एकमेकांना जोडलेलेही नव्हते त्या काळात, ते जोडले जातील अशा विश्वासावर, पाच वर्षे पैसा ओतीत राहणे ही गोष्ट आजच्या उतावीळ उद्योगात दुर्मीळच म्हणावी लागेल. केपोर स्वतः १९८६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले, तरी त्यांचे उत्तराधिकारी जिम मँझी यांनी हा खर्च चालू ठेवला, याचे श्रेय मँझी यांना द्यावयास हवे.

ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालत असे, हे थोड्या विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण तिच्या यशाची आणि अपयशाचीही कारणे तिच्या रचनेतच दडलेली होती. 'नोट्स'मध्ये प्रत्येक कामाची एक स्वतंत्र वही असे, तिला डेटाबेस म्हणत, आणि ती संपूर्ण वही, म्हणजे तिच्यातील नोंदी, त्या नोंदी भरण्याचे नमुने, त्या निरनिराळ्या क्रमांनी पाहण्याच्या याद्या आणि तिच्यावरील अधिकारांचा तक्ता, हे सर्व एकाच फाईलमध्ये सामावलेले असे. या वहीची एक प्रत मुंबईच्या सर्व्हरवर, एक लंडनच्या आणि एक फिरतीवर असलेल्या अधिकाऱ्याच्या लॅपटॉपवर ठेवता येई. तिघांनी आपापल्या प्रतीत आपापल्या सवडीने लिहावे, आणि रात्री टेलिफोनची लाईन मिळाली की प्रतींनी परस्परांशी मेळ घालून एकमेकींतील नवे तेवढे उचलून घ्यावे, अशी योजना होती. या मेळ घालण्यास 'रेप्लिकेशन' म्हणत. दोघांनी एकच नोंद एकाच काळात बदलली असेल, तर यंत्र आपल्या मनाने एकाचे म्हणणे पुसून टाकीत नसे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून तेथे संघर्ष आहे असे दर्शवी आणि निर्णय माणसावर सोपवी. महाग, मंद आणि वारंवार तुटणाऱ्या टेलिफोन लाईनींच्या त्या युगात ही रचना किती शहाणपणाची होती हे, त्या काळात परगावच्या कचेरीशी मोडेमवरून संपर्क साधण्याची धडपड ज्यांनी केली आहे, त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.

अधिकारांची व्यवस्था याहूनही सूक्ष्म होती. वहीवर सात पायऱ्यांचे अखत्यार असत : ज्याला प्रवेशच नाही तो, ज्याला नोंद टाकता येते पण आतले काहीच वाचता येत नाही असा डिपॉझिटर, केवळ वाचणारा रीडर, स्वतःची नोंद लिहिणारा ऑथर, इतरांच्याही नोंदी दुरुस्त करणारा एडिटर, वहीची रचना बदलणारा डिझायनर, आणि सर्वांवर मॅनेजर. शिवाय एकेका नोंदीवरही ती कोणी वाचावी याचा निर्बंध घालता येई. प्रत्येक माणसाची ओळख त्याच्या 'आयडी फाईल'मध्ये कुलूपबंद असे, आणि तिच्यामागे आरएसए ही सार्वजनिक किल्लीची गूढलेखन पद्धती उभी असे. ही पद्धती व्यापक प्रमाणावर वापरणारे पहिले महत्त्वाचे व्यापारी सॉफ्टवेअर 'नोट्स' हेच होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की नवी वही तयार करण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नसे. खरेदी खात्यातील एखादा हुशार कारकून चार दिवस खटपट करून मागणीअर्जाचा नमुना बनवी, तो अर्ज साहेबांच्या मंजुरीस जाऊन परत येण्याची वाट आखून देई, आणि महिनाभरात सारे खाते त्या वहीवर चालू लागे. पुढे याच सुलभतेने अनेक कंपन्यांत हजारो वह्यांचे असे रान माजविले की कोणती वही कोणी व कशासाठी काढली हे सांगणारा माणूसही उरला नाही; पण आरंभी या सुलभतेनेच 'नोट्स' तळाच्या माणसांपर्यंत पोचले.

बाजारात येण्यापूर्वीच या साधनास असा ग्राहक मिळाला की त्याने त्याचे भवितव्य ठरविले. प्राइस वॉटरहाऊस या लेखापरीक्षण आणि सल्लागारीच्या प्रचंड पेढीच्या प्रमुखांनी प्रात्यक्षिक पाहिले आणि दहा हजार परवाने एकदम विकत घेतले. वैयक्तिक संगणकावरील एकाच सॉफ्टवेअरची तोवर झालेली ही सर्वांत मोठी विक्री होती. पहिल्या वर्षात एकूण ३५,००० प्रती खपल्या, यावरून त्या एका खरेदीचे महत्त्व लक्षात यावे. जगभर विखुरलेल्या पेढीतील एका सल्लागाराने मिळविलेले ज्ञान दुसऱ्या खंडातील सल्लागारास आपोआप उपलब्ध व्हावे, हे स्वप्न त्या खरेदीमागे होते, आणि ते स्वप्न पाहणारे पेढीचे वरिष्ठ होते. मोठ्या संस्थांच्या वरिष्ठांना 'नोट्स' पटले, आणि त्यांनी ते खालच्यांच्या संगणकांवर बसविले. त्याच्या उदयाची ही रीत होती.

नेमका येथेच या संपूर्ण प्रश्नाचा गाभा आहे, आणि त्यावरील विचार अभ्यासकांनी त्याच वर्षांत, आश्चर्य वाटावे इतक्या स्पष्टपणे, मांडून ठेवला होता. आयरीन ग्राइफ आणि पॉल कॅशमन यांनी १९८४ मध्ये भरविलेल्या एका कार्यशाळेपासून संगणकाधारित सहकार्य ही अभ्यासाची स्वतंत्र शाखा मानली जाऊ लागली. चार वर्षांनी, या शाखेच्या १९८८ च्या परिषदेत, जोनाथन ग्रुडिन यांनी अशी साधने का फसतात याची मीमांसा केली. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की सहकार्याच्या साधनासाठी जो माणूस अधिकचे कष्ट करतो आणि त्या कष्टांचा लाभ ज्याला होतो, ती माणसे पुष्कळदा एक नसतात. सामायिक दिनदर्शिकेचे त्यांचे उदाहरण आजही तितकेच लागू आहे : बैठक ठरविणाऱ्या वरिष्ठाची सोय व्हावी म्हणून खालच्या प्रत्येकाने आपला दिवसाचा कार्यक्रम काळजीपूर्वक नोंदवीत बसावे लागते, आणि त्यातून त्याला स्वतःला काहीच मिळत नसल्यामुळे तो लवकरच नोंदविणे सोडतो, एकदा दहापैकी चौघांनी सोडले की उरलेल्या सहांच्या नोंदीही निरुपयोगी ठरतात.

वांडा ऑर्लिकोव्स्की या एमआयटीतील संशोधिकेने याच प्रश्नाचा शोध प्रत्यक्ष 'नोट्स'च्या बाबतीत घेतला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निबंध एका मोठ्या सल्लागार पेढीसंबंधी असून पेढीचे खरे नाव झाकून तिला 'अल्फा' असे संबोधले आहे. या पेढीत साधन मोठ्या तडफेने सर्वांच्या संगणकांवर बसविण्यात आले होते, परंतु ते कशासाठी आहे हे फार थोड्यांना उमगले होते. ज्यांना उमगले नाही त्यांनी ते आपल्या ओळखीच्या कुठल्यातरी जुन्या साधनासारखेच धरले, कोणी फॅक्ससारखे, कोणी टपालासारखे. याहून गंभीर गोष्ट पेढीच्या घडणीत होती. तेथे सल्लागाराची बढती त्याच्या वैयक्तिक तज्ज्ञतेवर अवलंबून असे, आणि ठरावीक काळात वर न चढणाऱ्यास बाहेर पडावे लागे. मग आपण मिळविलेले ज्ञान सामायिक वहीत लिहून आपल्याच प्रतिस्पर्ध्याच्या हाती का द्यावे, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न अप्रामाणिक नव्हता. शिवाय त्याच्या दिवसाचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खाती मांडावा लागे, आणि 'नोट्स' शिकण्यात गेलेला तास कोणाच्याच खाती मांडता येत नसे. ज्यांच्यावर ही चढाओढीची टांगती तलवार नव्हती, म्हणजे संगणक खात्यातील माणसे आणि पदावर कायम झालेले ज्येष्ठ भागीदार, त्यांनीच साधनाचा उत्साहाने स्वीकार केला. हा निबंध तीस वर्षांहून जुना असूनही, कर्मचारी साधनाचा वापर करीत नाहीत म्हणून दरवर्षी नवे साधन विकत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो वाचलेला नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण ज्या संस्थेत सांगणाऱ्याची हानी आणि लपविणाऱ्याची बढती होते, तेथे कोणतेही साधन रिकामेच राहणार.

तथापि सर्वच संस्था तशा नव्हत्या. जेथे कामाचे स्वरूपच नोंदींचे होते, जसे औषधांच्या चाचण्यांचे कागद, विम्याचे दावे, कारखान्यांतील दोषनोंदी, मंजुऱ्यांची साखळी, तेथे 'नोट्स' इतके रुजले की त्याच्यावाचून दिवस सुरू होईना. लोटसचा हिशेबाचा कार्यक्रम 'एक्सेल'पुढे माघार घेत असताना कंपनीचे मोल 'नोट्स'ने टिकवून धरले, आणि १९९५ च्या जूनमध्ये लू गर्स्टनर यांच्या नेतृत्वाखालील आयबीएमने लोटसच्या संचालकांची संमती न घेता समभागास ६० डॉलरची बोली लावली. आठवड्याभरात ती ६४ डॉलरवर जाऊन सुमारे ३५० कोटी डॉलरांस सौदा झाला. ही रक्कम हिशेबाच्या कार्यक्रमासाठी नव्हती, हे सर्वांना ठाऊक होते. मँझी त्याच वर्षाच्या शरदात बाहेर पडले. ओझी १९९७ मध्ये. मुंबई-पुणे-बंगलोरकडील अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कचेऱ्यांत, आणि आयबीएमच्या स्वतःच्या भारतीय कर्मचाऱ्यांत, 'नोट्स'चा जो प्रसार झाला त्याला या सौद्याने गती मिळाली.

याच सुमारास घडलेल्या एका प्रकरणाची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही, परंतु परदेशी साधनावर आपले दप्तर सोपविणाऱ्या प्रत्येक देशाने ती ठेवावयास हवी. अमेरिकेचे तत्कालीन निर्यातनियम बळकट गूढलेखन देशाबाहेर जाऊ देत नसत. ग्राहक तर अधिक सुरक्षितता मागत होते. तेव्हा १९९६ मध्ये लोटसने सरकारशी अशी तडजोड केली, की 'नोट्स'च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत किल्ली ६४ बिटांची असेल, परंतु तिच्यातील २४ बिट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेलाच उलगडता येतील अशा रीतीने प्रत्येक संदेशाबरोबर जातील. म्हणजे इतरांना ६४ बिटांचे कुलूप आणि त्या संस्थेला अवघ्या ४० बिटांचे. ओझी यांनी ही तडजोड जाहीरपणे सांगितली होती, लपविली नव्हती, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही १९९७ मध्ये स्वीडनमध्ये, जेथे संसदसदस्य आणि कर खात्याचे अधिकारी हेच साधन वापरीत होते, ही गोष्ट वृत्तपत्रांतून लोकांपुढे आली तेव्हा मोठी खळबळ उडाली. सामुदायिक दप्तराचा मॅनेजर कोण, हा प्रश्न त्या सात पायऱ्यांच्या तक्त्याबाहेरही उरतो, हे या प्रकरणाने दाखविले.

अस्ताच्या कारणांत पहिले म्हणून सर्वजण 'नोट्स'च्या बाह्य रूपाकडे बोट दाखवितात, आणि ते खोटे नाही. विंडोजचे संकेत रूढ होण्यापूर्वी ते घडले असल्यामुळे त्याचे स्वतःचे संकेत होते, आणि जुन्या वापरणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून ते तसेच ठेवण्यात आले. जगातील इतर कार्यक्रमांत जी 'एफ-फाइव्ह' कळ दाबली असता पडदा ताजा होतो, ती येथे दाबली की साधन कुलूपबंद होऊन पुन्हा पासवर्ड मागे. आणि पासवर्ड लिहीत असता शेजारी चित्रलिपीसारखी चिन्हे बदलत राहत, त्यांचा सुरक्षेशी असलेला संबंध बहुतेकांना कधी कळलाच नाही. ज्या माणसाला त्याच्या खात्याची वही लागत होती त्याला हे सारे सोसत असे. परंतु ज्याच्या वाट्याला 'नोट्स' केवळ टपालापुरते आले, त्याला ते एक जडशीळ आणि अनाकलनीय टपालयंत्र वाटले. आणि कालांतराने अशा माणसांची संख्या पहिल्या प्रकारच्या माणसांहून कितीतरी पट वाढली. माझ्या मते 'नोट्स'चा पराभव झाला तो टपालाच्या मैदानात, जे त्याचे मैदानच नव्हते. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये 'एक्स्चेंज' आणले, आणि 'ऑफिस ९७'च्या संचातच 'आउटलुक' घातले; खरेदीदाराच्या हिशेबी टपालयंत्र फुकटच पदरी पडले. पुढे 'मेलिसा' आणि 'आय लव्ह यू' या १९९९ व २००० सालच्या विषाणूंनी 'आउटलुक'च्याच वाटेने हाहाकार माजविला, तरी त्या अनुभवाने खरेदीचा प्रवाह फिरला नाही.

दुसरे कारण वर्ल्ड वाइड वेब. 'नोट्स'ने वेबची दखल घेतली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९६ च्या अखेरीसच त्याच्या सर्व्हरला 'डॉमिनो' हे नाव देऊन त्याच वह्या ब्राउझरमधून पाहण्याची सोय झाली होती. परंतु जाळे अखंड आणि स्वस्त होत गेले तसतशी, तुटक्या लाईनींवर मात करण्यासाठी घडविलेल्या रेप्लिकेशनची निकड वाटेनाशी झाली. ज्या अडचणीतून त्याचे सर्वांत मोठे सामर्थ्य जन्मले होते, ती अडचणच नाहीशी झाली.

तिसरे कारण मालकाचे दुमतेपण, आणि ते मला सर्वांत अक्षम्य वाटते. या शतकाच्या आरंभी आयबीएमने 'वर्कप्लेस' नावाचा दुसराच उत्पादनसमूह पुढे केला आणि 'नोट्स'चे भवितव्य काय याविषयी ग्राहकांना काही वर्षे संभ्रमात ठेवले. 'वर्कप्लेस' पुढे बारगळले. पण ज्या संस्थेला आपल्या हजारो वह्यांची चिंता आहे तिच्या मनात एकदा शंका आली की ती नवी वही काढणे थांबविते, वही काढणारी माणसे अन्यत्र जातात, आणि उरलेल्या वह्या जुन्या दिसू लागतात. २००७ ची आठवी आवृत्ती दिसण्यात पुष्कळ सुधारली होती, पण ती वजनदारही झाली होती आणि उशीर तर झालाच होता. २०१३ मध्ये नावातील 'लोटस' हा शब्दही गेला.

नंतरच्या साधनांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांचा इतिहास ताजा आहे आणि त्यांतील पुष्कळांचा संक्षिप्तही. गूगलने मे २००९ मध्ये मोठ्या थाटात मांडलेले 'वेव्ह', ज्यात टपाल, संभाषण आणि दस्तऐवज यांची एकाच पानावर सरमिसळ होती, ऑगस्ट २०१० मध्ये, म्हणजे सर्वांसाठी खुले झाल्यावर अवघ्या तीन महिन्यांत, सोडून देण्यात आले. एक फसलेला खेळ मोडीत काढून २०१३ मध्ये 'स्लॅक' निघाले, आणि ते पसरण्याची रीत 'नोट्स'च्या अगदी उलट होती : खालच्या लहान गटांनी ते परस्पर वापरावयास घेतले, आणि वरिष्ठांना नंतर कळले. २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते २,७७० कोटी डॉलरांस घेतले. पण त्याआधीच मायक्रोसॉफ्टने 'टीम्स' आपल्या ऑफिस-संचात घालून 'आउटलुक'चाच डाव पुन्हा टाकला होता, आणि 'स्लॅक'ला जुलै २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे फिर्याद न्यावी लागली होती. फेसबुकच्या मालकांनी २०१६ मध्ये आणलेले 'वर्कप्लेस' बंद करीत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. या सर्वांत समान धागा असा, की ती संभाषणाची साधने आहेत. संभाषण जलद असते, सोपे असते, त्यात कोणाला नमुना भरावा लागत नाही. म्हणून ग्रुडिन यांनी दाखविलेली अडचण ती पुष्कळ अंशी टाळतात. परंतु दप्तराचे काम ती करीत नाहीत. 'स्लॅक'च्या विनामूल्य योजनेत आधी शेवटचे १०,००० संदेशच पाहता येत, आणि २०२२ पासून ९० दिवसांमागचे काही दिसत नाही. एखादा निर्णय का घेतला, कोणी विरोध केला, मंजुरी कोणाची होती, हे तीन वर्षांनी शोधू जाणाऱ्यास संभाषणाच्या त्या ढिगाऱ्यात काय सापडणार? वूली या मुलाने १९७३ मध्ये जी अव्यवस्था दूर केली होती ती, अधिक देखण्या रूपात, पुष्कळशी परत आली आहे असे मला वाटते.

'नोट्स'चे पुढे काय झाले? नोएडा येथे मुख्यालय असलेल्या एचसीएल या भारतीय कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये आयबीएमची काही उत्पादने मिळून १८० कोटी डॉलरांस घेण्याचे जाहीर केले, आणि त्यांत 'नोट्स' व 'डॉमिनो' होते. २०१९ च्या मध्यास व्यवहार पुरा झाला. ज्या साधनासाठी एके काळी एवढी मोठी कंपनी विकत घेण्यात आली होती ते आता इतर अनेक वस्तूंच्या गठ्ठ्यात हस्तांतरित झाले. परंतु एचसीएलने त्याची उपेक्षा केली नाही, नव्या आवृत्त्या नेमाने काढल्या, चौदावी आवृत्ती २०२३ च्या अखेरीस निघाली. भारतीय कंपनीने एका अमेरिकन वारशाचा असा सांभाळ करावा ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. त्या साधनामागील विचाराचा आणखी एक वारस निराळ्या घरात वाढला : 'नोट्स'वर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'काउच डीबी'मध्ये प्रतींचा तोच मेळ, संघर्ष जतन करण्याची तीच रीत, मुक्त सॉफ्टवेअरच्या रूपाने चालू आहे, आणि जेथे जाळे अद्याप बेभरवशाचे आहे तेथे तिचा उपयोग होतो.

स्वतः आयबीएमने २०२१ च्या जूनअखेरीस आपल्या कर्मचाऱ्यांचे टपाल नव्या यंत्रणेवर हलविण्याचे काम केले, तेव्हा कित्येक दिवस अनेकांचे टपाल विस्कळीत झाले होते. टपाल हलविणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो. कठीण असतात त्या वह्या. एखादी विमा कंपनी वा औषधांचा कारखाना 'नोट्स' सोडावयाचे ठरवितो तेव्हा नोंदींतील मजकूर बाहेर काढता येतो, त्याचे पीडीएफ करून साठविताही येते. परंतु कोणती नोंद कोणास वाचता येत होती, मंजुरीची वाट कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जात होती, दोन प्रतींत संघर्ष झाला तेव्हा कोणाचे म्हणणे राहिले, हे त्या मजकुराबरोबर येत नाही, कारण नव्या साधनात त्यासाठी जागाच नसते. म्हणून कित्येक संस्थांनी टपाल केव्हाच अन्यत्र नेले असूनही एखाद्या कोपऱ्यात 'डॉमिनो'चा एक सर्व्हर चालू ठेवलेला असतो, त्याचा परवाना दरवर्षी नवा केला जातो, आणि तो सांभाळणारा माणूस निवृत्तीच्या जवळ आला की त्या संस्थेत, बहुधा पहिल्यांदाच, त्या वह्यांत नेमके काय आहे याची चौकशी सुरू होते.